लेथच्या पाटीवरचा आकडा

२ जानेवारी
या हातांनी केलेल्या वस्तू, नोंद असावी म्हणून: वर्कशॉपचा दरवाजा, बिजागऱ्यांसकट. बायकोच्या शिलाई मशीनचं पायडल. लेकीचं टेबल (डुगडुगतं, फरशी वाकडी आहे). भंगारातला लेथ, स्क्रू न् स्क्रू सुटा करून पुन्हा उभा केलेला. कुणाकडे शिकलो नाही. गणितही तसंच.
लेथच्या पितळी पाटीवर इंग्रजी आकड्यांत नंबर ठोकलाय: १५४८५८६३. दोन, तीन, पाच, सात, अकरा, सगळ्यांनी भागून पाहिला. जात नाही. ही मूळ संख्या आहे, माझी खात्री. सिद्ध करायला तिच्या वर्गमुळापर्यंतच्या, म्हणजे ३९३१पर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागायचं, एवढंच. मार्चअखेर उरकणार. कॅल्क्युलेटरला हात लावणार नाही.

१९ जानेवारी
डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, दोन्हीकडे मोतीबिंदू, उजवा पार पिकलाय, थांबलात तर डोळा गमवाल. मार्चनंतर बघू म्हटलं. ऑपरेशन करून घरी बसलो तर भागाकार कोण करणार, डॉक्टर? बायको दवाखान्यातच म्हणाली, आणि मार्चनंतर तुमचा हात धरून कोण फिरवणार, मी?

११ फेब्रुवारी
सातशेच्या पुढे गेलो. गिऱ्हाइकाने मी कातून दिलेला बुश, शाफ्टवर बसणारी नळी, परत आणला. म्हणे अडतीस मिलिमीटरचा सांगितला होता, तुम्ही तेहेतीसचा दिलात. चिठ्ठी नाचवत होता. लोकांना साधा इंग्रजी आठ काढता येत नाही. बल्ब बदलून मोठा लावला. फरक शून्य. बल्बवाले फसवतात.

४ मार्च
उजव्या डोळ्यापुढे धुकं. डावा पुरतो. लेकीने फोन काढला. बाबा, हे यात दोन सेकंदांत कळतं. मग मी दोन महिने काय केलं, असं विचारलं. म्हणाली, आईपण तेच विचारते. बायको स्वयंपाकघरात नाक ओढत होती. सर्दी असावी.

२८ मार्च, दुपारी
झालं! ३९३१नेही जात नाही. मूळ संख्याच! कॉलेजच्या गणिताच्या सरांना उद्या बोलावलंय. मेहुण्यालाही. बघू दे जरा.

२९ मार्च
सरांनी सगळे भागाकार तपासले. एकही चूक नाही, म्हणाले. मेहुण्याकडे पाहिलं मी. मग सरांना पाटी पाहायची होती. लेकीने फडकं मारून टॉर्च धरला. सर वाकले ते वाकलेलेच. शेवटी हळूच म्हणाले, काका, शेवटचा तीन नाही, आठ आहे. सम संख्या. दोनाने जाते.
नख फिरवून पाहिलं. दोन्ही गोल बंद लागले.
पाटी ठोकणाऱ्याची चूक. माझी संख्या मूळच आहे, सरही कबूल करतात.

३० मार्च
मेहुणा सकाळीच आला. म्हणाला, भावोजी, ऑपरेशनचा सगळा खर्च माझा, फक्त आज चला. बायको दारात उभी होती, माझ्याकडे बघत. चेहरा नीट दिसला नाही. मी म्हटलं, दुसऱ्याच्या पैशाने मला काही बघायचं नाही.
पस्तीस हजार देत होता.