तांबड्या पोटाचे मासे

३ जानेवारी
आज रुजू झाले. जालना रोडवर, करमाडच्या अलीकडे मंदार साहेबांची शोभेच्या माशांची शेड आहे. वरच्या मजल्यावर मला खोली, तिला लागूनच प्रयोगशाळा. खिडकीतून लांबवर शेंद्र्याचे कारखाने दिसतात, मधे नुसती तूर. मला छान वाटलं. परभणीच्या कॉलेजात बारा वर्षं तासिकांवर शिकवलं, मासे फक्त पुस्तकात पाहिले. आता समोर टाकीत पंधरा जिवंत आहेत. ब्राझीलहून आलेल्या खेपेत चुकून आले. बारा मिलिमीटर लांब, काचेसारखे आरपार. यांचे जातभाई मोठ्या माशांच्या कल्ल्यांत शिरून रक्त पितात. पण ही जात कुठल्याच यादीत नाही. तिचं शास्त्रीय वर्णन लिहायला मला ठेवलंय; ते छापून आलं की नाव मी ठेवायचं. आईचं ठेवणार, लीला. हे सांगायला आता आई नाही, म्हणून इथं लिहिते.

७ जानेवारी
दिवसभर सूक्ष्मदर्शकाखाली माशांच्या परांतले काटे मोजते. खालची माणसं पाचला जातात. वर येते ती फक्त कडूबाई, झाडलोट करायला. शेडमागच्या खोलीत राहते. तिनं विचारलं, करुणाताई, मालक नाय का. नाही म्हटलं. मग म्हणाली, जेवताना हाक मारत जा, मी बी एकलीच हाय. किती वर्षांनी कुणाबरोबर जेवले.
मासे काहीच खात नाहीत. टाकीत दुसरा मासा नाही. तरी रोज सकाळी सगळ्यांची पोटं तांबडी असतात. मंदार साहेब म्हणाले, शेवाळ खात असतील.

१२ जानेवारी
एक मासा मारून पोट उघडलं. रक्तच निघालं. काचपट्टीवर घेऊन पाहिलं. माशांच्या तांबड्या पेशी लांबट असतात, आत केंद्रक असतं. या गोल होत्या, केंद्रक नाही. म्हणजे रक्त माशाचं नाही. सस्तन प्राण्याचं आहे.
टाकीवर जाळी आहे. मी पाण्यात हात घातलेला नाही.
जिना चढताना दोनदा बसावं लागलं.

१५ जानेवारी
कडूबाईनं माझी नखं पाहिली. म्हणाली, आधीचे अतुल सर बी असेच पांढरेफटक पडले होते, मग एक दिवस जालन्याला घरी गेले ते गेलेच. मंदार साहेबांना फोन करून विचारलं. म्हणाले, त्यांची तब्येत मुळातच नाजूक होती.
निघायला हवं होतं. पण फक्त रंगाचं वर्णन राहिलंय. लिहायला बसले. ‘शरीर पारदर्शक. पोट —’ पुढं लिहवेना.

१८ जानेवारी
शहरात जाऊन उस्मानपुऱ्यातल्या दवाखान्यात रक्त तपासलं. हिमोग्लोबिन पाच. डॉक्टरांनी लगेच दाखल करून घेतलं, रक्त चढवलं. नर्सनं विचारलं, नातेवाईक कोण. बराच वेळ आठवत बसले. मग कडूबाईचं नाव सांगितलं.

२१ जानेवारी
परत आले. खोली रिकामी नको म्हणून कडूबाई तीन दिवस वर माझ्याच खोलीत राहिली होती. जिन्यात डोकं धरून बसलेली सापडली. घेरी येतेय म्हणाली. तिचे तळवे पाहिले, चुन्यासारखे.
टाकीतली पोटं तांबडी.
म्हणजे इथं जो असेल त्याचं रक्त. उरलेले चौदाही मासे फॉर्मालिनच्या बाटलीत टाकले. मिनिटभरात मेले. रंगाचं वर्णन राहिलं तरी चालेल.

२२ जानेवारी
बाटलीत चौदा. मेलेले. सकाळी पोटं भरलेली —

२३ जानेवारी
मी गेले तर पाळी कडूबाईची. तिला वर येऊ नको म्हणून सांगितलं. तिनं विचारलं, ताई, माझं काय चुकलं. मी दार लोटून घेतलं. खाली गेली, मागं न पाहता.
मंदार साहेब म्हणतात, मदतीला अमेय नावाचा माणूस पाठवतो. नको म्हटलं. फोन ठेवला त्यांनी.

२४ जानेवारी
बाटली नेऊन पुरावी म्हणून उठले. दाराशीच पडले. पुरायची तरी कुठं, सगळीकडं माणसं.
रुग्णवाहिका बोलावली. मग वाटलं, दोन माणसं वर येतील — पुन्हा फोन केला, येऊ नका म्हणून.
कडी लावली आहे. माशांची पोटं आज फिकी. माझ्यात काही उरलं नसेल.

२५ जानेवारी
कडूबाई आली. मुगाचं कढण आणलंय म्हणते. मी दार उघडलं नाही, तशी बाहेर दाराला टेकून बसली. म्हणाली, मी हितंच बसते, तुमाला एकलीला नाय सोडत.
जा म्हणते, आवाज फुटत नाही. चिठ्ठी सरकवली असती, तिला वाचता येत नाही.
बाटली माझ्याजवळ. एक पोट लाल झालं. दुसरं —
मी आतून दारावर थापा मारल्या. तिला वाटलं मी उघडतेय. हसली.
चार. पाच.
आईबद्दल विचारतेय, कशी होती. कुणी विचारलं नव्हतं —
आठ. कडूबाई ऊठ
नऊ. अजून बोलतेय. सावकाश. थांबत थांबत. दहा. आता बोलत ना—