टेंपररी

गिरगाव,
१४ जून १९५६

ती. आप्पांस जगदीशचा साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा, वहिनींचा खोकला आणि शिवाजी पार्कची सकाळची हवा, तिन्ही ठीक असतील अशी आशा आहे. चार महिन्यांनी पत्र लिहितो म्हणून रागावू नका. चुलतभावाला विसरलो नाही. इथे आमच्यावर एका इंग्रजी विशेषणाने धाड घातली आहे.

ते विशेषण म्हणजे 'टेंपररी'. गेल्या गुरुवारी घरमालकाचा भाडेवसुलीचा मेहता चाळीत आला आणि म्हणाला, दुरुस्तीसाठी दुसरा मजला खाली करा, तीन महिने माझगावच्या शेडमध्ये राहा, टेंपररी. (शेड म्हणजे वर पत्रा आणि चहूकडून गोदीचा वास. मी स्वतः जाऊन हुंगून आलो.) शेजारच्या शांताबाई पदर खोचून पुढे आल्या. "ओ मेहताजी, गॅलरीचे हे टेकूपण टेंपररीच ना? माझी दुर्गा यांना धरून चालायला शिकली, वैशाखात तिचं लग्न झालं!" मेहता म्हणाला, "बाई, तो टेंपररी वेगळा. हा टेंपररी एकदम पक्का!"

आप्पा, या शब्दाचा मला जितका अनुभव आहे तितका कोशकारालाही नसेल. कचेरीत मी नऊ वर्षे टेंपररी कारकून आहे. ज्या साहेबांनी मला घेतले ते परमनंट होते, ते केव्हाच गेले. माझ्या खुर्चीचा चौथा पाय म्हणून टेंपररी ठेवलेल्या विटा आता सरकारी सामानाच्या यादीत चढल्या आहेत. (त्यांना क्रमांक मिळाला, मला अजून नाही.) आणि आता दिल्लीहून ऐकतो की मुंबई पाच वर्षे केंद्राकडे राहील, पुढचे पुढे पाहू. म्हणजे अख्खे शहरच माझगावच्या शेडमध्ये! याच्याविरुद्ध परवा सभेत मी हात वर केला. तोच हात खोली सोडण्याच्या मेहताच्या कागदावर सही करील?

मी सगळ्या मजल्यादेखत सांगितले, "मेहताजी, या घरातला पाटसुद्धा हलणार नाही. पोलीस आणा, नाहीतर दिल्ली आणा." आमच्या राधेने तर उंबऱ्यावरच बैठक मारून तांदूळ निवडायला घेतले, तिला ओलांडून आत जायची छाती कुणाची? मेहताने पावतीपुस्तक उघडले, एका पानावर बोट ठेवले, गालात हसला आणि जिना उतरून गेला. मजल्यावर टाळ्या पडल्या. आमचा निर्धार कायम आहे. लहानांना आशीर्वाद.

आपला,
जगदीश

ता. क. : मेहता का हसला ते लिहायचे राहिले. खोलीची भाडेपावती अजून तुमच्याच नावावर आहे. येत्या रविवारी मेहता सहीचा कागद घेऊन दादरला तुमच्याकडे येणार आहे. त्याला चहा द्या, गुडघा दाखवा, हवे तर वहिनींचा खोकला ऐकवा, पण सही करू नका. आमचे बिऱ्हाड तुमच्या त्या एका न केलेल्या सहीवर उभे आहे.

पुन्हा ता. क. : राधा म्हणते, एवढे वाचून आप्पांनाच आपली खोली परत हवीशी वाटली तर? चव्वेचाळीस साली माझ्या हातात किल्ली देताना तुम्ही "जगू, टेंपररी हं" असे म्हणाला होतात, हे मी नाकारत नाही. पण आप्पा, त्या शब्दाचा अर्थ काय होतो, हे वर सविस्तर लिहिलेच आहे.