डेल्फिनाकाकूंचा धाकटा

१२ सप्टेंबर १९७१
पोचलो एकदाचे! जेनोव्हाच्या उकाड्यातून सुटलो. टेकडीवर गाडी थांबली तशी तुल्लिओनं उतरून शाळा सुटल्यासारखी आरोळीच ठोकली. पिवळ्या दगडाचं, पाहुण्यांना भाड्यानं खोल्या देणारं घर, अंगणापासून थेट ओढ्यापर्यंत उतरत गेलेले द्राक्षमळे. पाहुणे आम्ही नवरा-बायको दोघंच. कारभार घरच्यांचाच: डेल्फिनाकाकू स्वयंपाकाला, मुलगा इवाल्दो मळ्यात, लेक रोझान्ना वरकामाला. काकूंनी तुल्लिओचा चेहरा दोन्ही हातांत धरला, तो सोडेचनात. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "काय गं पोरी, उपाशी ठेवतेस की काय माझ्या बाळाला?" आम्ही खूप हसलो. जेवायला हातानं वळलेल्या, मांसाचं सारण भरलेल्या आन्योलोत्ती, सोबत घरची बार्बेरा वाइन. तुल्लिओ पुन्हापुन्हा वाढून घेत होता.

१४ सप्टेंबर
द्राक्षतोडणी सुरू झाली. गंमत म्हणून आम्हीही कात्र्या घेतल्या. सकाळी गारठा होता, म्हणून काकूंनी तुल्लिओला धाकट्या मुलाचं, जिल्दोचं, जाकीट दिलं. अगदी मापाचं बसलं. इवाल्दो म्हणाला, जिल्दो दोन वर्षांपूर्वी गेला, आणि हा हुबेहूब तसाच दिसतो. काकू आता त्याला जिल्दोच म्हणतात. तो ओ देतो. मीही म्हटलं, असू दे. तुल्लिओ अनाथाश्रमात वाढलेला. जेवलास का बाळा, असं त्याला आजवर कोणी विचारलेलं नाही.

१७ सप्टेंबर
आज निघायचं होतं. तुल्लिओ म्हणतो, राहू या अजून. काकूंना आई म्हणायला लागलाय. मी म्हटलं, पुरे आता हे नाटक. त्यावर तो म्हणाला, "तुला आई आहे, तुला काय कळणार?" आणि मळ्यात निघून गेला. इवाल्दोनं आमची गाडी दुरुस्तीला नेलीय. गाडीला काहीच झालं नव्हतं.

१८ सप्टेंबर
भांडी घासताना रोझान्नानं सांगितलं. द्राक्षरस फसफसू लागला की तळघरातल्या कुंडाच्या तळाशी हवा मरते. उतरलेला माणूस दोन श्वासांत आडवा होतो. जिल्दो तसाच गेला. त्याची बायको निवेस काठावर होती. ती उतरली नाही, माणसं बोलवायला धावली. मी म्हटलं, बरोबरच केलं तिनं, उतरली असती तर तीही मेली असती. रोझान्नानं हातातलं ताट खाली ठेवलं. म्हणाली, "आई म्हणते, उतरायला हवं होतं." मी विचारलं, निवेस आता कुठे असते? "पळाली. येईल परत, म्हणते आई."

१९ सप्टेंबर
दुपारी जेवायला गावातला पोलीस आला. काकूंचा भाचा, पिएरो. मी सगळ्यांसमोर त्याला सांगून टाकलं: माझं नाव लोरेदाना, हा माझा नवरा तुल्लिओ, आम्हाला जेनोव्हाला जायचंय. त्यानं शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, "जिल्दो, काय म्हणतेय रे तुझी बायको?"
तुल्लिओ घास चावत होता. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "निवेसला ऊन लागलंय," म्हणाला.
सगळे हसले. तोही.

२० सप्टेंबर
मळ्यातून पळाले. ओढ्यापाशी तोडणीच्या बायकांनी धरलं. "अगंबाई, निवेस पुन्हा पळायला निघाली!" एकीनं माझ्या तोंडात द्राक्षं कोंबली. हसत हसत आणून सोडलं. डेल्फिना म्हातारीनं माझे केस विंचरले. हळूहळू, ओढून ओढून. म्हणाली, या वेळी नीट वागशील ना?
बाहेरून कडी.

२१ सप्टेंबर, सकाळ
कडी काढलेली आहे. का?

तळघरातून हाक येतेय. तुल्लिओचा आवाज. "निवेस! निवेस!" कुंडात पडलोय म्हणतो—

खिडकीतून दिसतंय. तिघंही अंगणात हेझलनट फोडत बसलेत. कोणी उठत नाही. म्हातारी वर माझ्याकडेच बघतेय.

मला फसायचं नाही. तळाशी असता तर त्याला ओरडता आलं नसतं. ओरडतोय म्हणजे काठावरच उभा आहे. म्हणजे तोही त्यांच्यातलाच— माझा तुल्लिओ—

हाक बदलली. लोरेदाना म्हणाला. माझं नाव. रडतोय.

आवाज थांबला.

थांबला म्हणजे— पडला? की नुसता गप्प—

इवाल्दो टरफलं झाडतोय. म्हातारी हसतेय. स्वतःच्या बाळाला मरू देईल ती?

मी उतरणार नाही. फक्त काठावरून वाकून—