शेवटच्या ओळीची सही

बाबा, तुम्हाला जाऊन तीस वर्षं होऊन गेली आणि या आठवड्यात मला तुमचा नव्याने संशय यायला लागला आहे. मेलेल्या माणसाकडून उत्तर येत नाही हे मला कळतं. पण जिवंत होतात तेव्हा तरी तुम्ही कुठे सरळ उत्तर देत होतात?

दुसऱ्या महायुद्धाला अजून सात-आठ वर्षं होती. मी कॉन्व्हेंटातून मॅट्रिक होऊन वाशिमला घरी आले होते. तुम्ही कापसाच्या जिनात गुमास्ते, आई कधीचीच गेलेली, स्वयंपाकघर आत्याच्या ताब्यात. चार महिने मी नुसती वाट बघत बसले. कॉन्व्हेंटात कोणीतरी घंटा वाजवायचं आणि आपण उठायचं. मला वाटायचं, इथेही कोणीतरी येईल आणि पुढे काय करायचं ते सांगेल. आले ते केनवडचे लोक, मला बघायला. त्यांनी चालून दाखव म्हटलं आणि मी चालले. ते गेल्यावर आत्या भाकरी थापता थापता म्हणाली, ‘मार्गशीर्षात लगन उरकून टाकू. शिकली ते लय झालं. तेथं कोन इंग्रजीत भाकर मागून राह्यलं तुले?’

नागपूरला शिक्षिकांच्या ट्रेनिंगसाठी मुली घेत आहेत, हे मला मैत्रिणीच्या पत्रातून कळलं. अर्जाचा कागदही तिनेच पाठवला होता. सगळं मी लिहिलं. अडलं ते पालकाच्या सहीपाशी. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही ‘पाहू’ म्हणाला असता, आणि तुमच्या ‘पाहू’मध्ये गेलेली एकही गोष्ट मी परत आलेली पाहिली नव्हती. म्हणून तुम्ही जिनात गेल्यावर तुमचा कागदपत्रं बांधायचा रुमाल सोडला, काकांना लिहून ठेवलेलं पत्र काढलं आणि त्याची शेवटची ओळ पाटीवर गिरवायला घेतली. तुम्ही लिहायचात मोडी. मला सिस्टरांनी इंग्रजी शिकवलं, बाळबोध शिकवलं, मोडीचं एक अक्षर नाही. मी चित्र काढावं तशी ती ओळ काढत होते. आत्या दारात येऊन उभी राहिली.

‘काय गिरवून राह्यली वं?’

‘मोडी शिकते.’

‘मंग बापाले सांग ना. तो शिकवीन.’

तिसऱ्या दिवशी हात बसला. वाशिमच्या पोस्टमास्तरांशी तुमच्या रोजच्या गप्पा, म्हणून पोस्टात गेले नाही. एकटी स्टेशनवर गेले आणि लिफाफा गाडीच्या टपालडब्यात स्वतःच्या हाताने टाकला. माझ्या आयुष्यात मी आपणहून केलेलं ते पहिलं काम. आजवर मी तसंच समजत होते.

महिन्याभराने बोलावणं आलं. तुम्ही ओसरीवर पानाला चुना लावत बसला होतात. मी इंग्रजी कागद मराठीत वाचून दाखवला.

‘अर्ज कोनं केला?’

‘मी.’

‘अन् सही?’

मी कागदाची घडी घालू लागले. तुम्ही पान दुमडलंत, तोंडात ठेवलंत आणि म्हणालात, ‘केनवडवाल्याईले मी सांगतो.’ आत आत्याने परात आपटली. ‘दादा, पोरगी हातची चालली, अन् तू पान खाऊन राह्यला.’ दोन दिवसांनी पत्र्याची ट्रंक आली, काळी, नवी कोरी. मेथीच्या जुडीवर अर्धा तास घासाघीस करणारा माणूस मुलीला परगावी पाठवताना चार वाक्यं बोलत नाही, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. पण मी सतरा वर्षांची होते आणि स्वतःवर फार खूश होते.

मग मी मास्तरीण झाले, हेडमिस्ट्रेस झाले. दर वर्षी मोठ्या वर्गातल्या मुलींना सांगत आले की तुमच्यासाठी कोणी घंटा वाजवणार नाही, माझा अर्ज मीच केला होता. मुली कंटाळायच्या, तरी सांगायची.

गेल्या आठवड्यात पेन्शनच्या कामात माझी जुनी फाइल निघाली आणि तिच्यात तो अर्ज. कारकून कागद घरी न्यायला नाही म्हणत होता. त्याच्या आईला मी पाढे शिकवले आहेत याची त्याला आठवण करून दिली. मोडी वाचणारं आता कोण राहिलं आहे? शेलूबाजारला एक म्हातारे पटवारी आहेत, त्यांच्याकडे गेले. त्यांनी कागद डोळ्यांशी नेला आणि हसता हसता त्यांना ठसका लागला.

‘बाई, हे तुमच्या वडलाचं नाव नोहे. इथं लिहून हाये, बहुत काय लिहिणे, हे विनंती.’

‘शेवटची ओळ आहे ती. शेवटी नाव नसतं?’

‘आपल्यात नाव वरतं येते, नमस्काराच्या जागी. खाली नाव सायेब लोक लिहितात.’

म्हणजे पालकाच्या सहीच्या जागी मी ‘हे विनंती’ लिहून पाठवलं होतं. याचं मला हसू आलं असतं. पण त्याच्याखाली तांबड्या शाईत इंग्रजी शेरा आहे, तो वाचायला मला पटवारी लागले नाहीत. ‘सही संशयास्पद. पालकांना लिहिले.’ आणि त्याखाली, दुसऱ्या तारखेला: ‘पालकांचे उत्तर आले. सही आपलीच असल्याचे कळवतात.’ ते उत्तर मात्र फाइलीत नाही.

तुम्ही. कापसाच्या एका गाठीचं वजन खोटं लिहायला नकार देऊन मॅनेजरशी महिनाभर अबोला धरणारे तुम्ही. ओसरीवर ‘अन् सही?’ विचारलंत तेव्हा तुम्हाला सगळं ठाऊक होतं. का केलंत? मी जावं म्हणून, की पोरीने बापाची सही केली असं गावात होऊ नये म्हणून? की मी घरातून कटले तर बरंच, असं होतं? तिन्ही शक्य आहेत, आणि तिन्हींपैकी एकाही कारणासाठी मी तुमचे आभार मानणार नाही. ते काम माझं होतं. तुम्ही त्यात गुपचूप हात घातलात आणि मला ते न सांगता मेलात. सांगितलं असतंत तर मी भांडले असते, पण पुढे निदान खोटं तरी बोलत फिरले नसते.

हे पत्र कुठे टाकायचा प्रश्नच नाही. तरी बसलेच आहे तर एक लिहून ठेवते. निवृत्त व्हायच्या आदल्या वर्षी पोहरादेवीकडच्या एका मुलीचा नर्सिंगचा फॉर्म माझ्या टेबलावर आला. खाली बापाची सही. त्या सहीतलं ‘र’ तिचंच होतं, तिच्या वह्या मी तपासत होते. मी बापाला लिहिलं. तो स्वतः शाळेत आला, चप्पल दाराबाहेर काढून. फॉर्म पाहून म्हणाला, ‘नाई बाई, हे माही सही नोहे.’ खरं बोलणारा माणूस होता. तो तिला घेऊन गेला, आणि तिच्या लग्नाची पत्रिका मला आली. गेल्या आठवड्यापर्यंत मी स्वतःला सांगत होते की मी फक्त नियम पाळला. सहीबद्दल बापाला लिहून विचारावं, असा कोणताही नियम नव्हता. मला फक्त संशय आला होता.