सोबत काय आणत आहात?

बाबा, दर्यावर निघताना कुणी 'कुठं चाललास?' असं विचारलं, की तू पायातली चप्पल काढून सरळ घरात येऊन बसायचास. आई पाण्याचा तांब्या पुढे करायची, तू दोन घोट प्यायचास आणि मग जणू आत्ताच निघतोयस असा नव्याने बाहेर पडायचास. आज मला एका अख्ख्या देशाने हाच प्रश्न विचारला आहे, आणि मला घरात येऊन बसायचीही सोय नाही, कारण मी घरातच बसले आहे, एव्हरशाईनच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून. तुझ्या नातीला बाळ होणार आहे. ती न्यूझीलंडला असते आणि मी बाळंतपणाला निघाले आहे. विमानात कागद वाटायचे आणि एकमेकांचं पेन मागून भरायचे ते दिवस गेले. आता कोण आहात, कुठून येताय, कुणाकडे उतरणार, सोबत काय आणताय, हे सगळं उतरण्याआधीच इंटरनेटवर भरून द्यायचं असतं.

मी तुझीच मुलगी, त्यामुळे हे काम सरळ होणं शक्यच नव्हतं. पहिल्यांदा जी वेबसाइट उघडली तिच्यावर झेंडा होता, हसरं कुटुंब होतं आणि 'आम्ही आपल्या सेवेत आहोत' असं काहीबाही होतं. सरकार इतकं गोड बोलतं का? तिथेच मला वास आला. पुढच्या पानावर त्यांनी कार्डाचा नंबर मागितला, तेव्हा मी लॅपटॉप बंद केला आणि भिंतीतली वायरही उपटली. मग माणिकपूरला तिकिटाच्या दुकानात गेले. तिथला माणूस म्हणाला, "मॅडम, हे फुकट असतं. पैसे मागितले की समजायचं, दुकान दुसऱ्याचं आहे." हे मला तो फुकट का सांगतोय, असा विचार करत मी रिक्षाने घरी आले. शेवटी मुलीने लिंक पाठवली, तर मी ती उघडण्याआधी तिला फोन केला. "मीच पाठवली गं आई. माझा आवाज ओळखतेस ना?" मी म्हटलं, "आवाजाचंही हल्ली काही सांगता येत नाही." ती खूप हसली. मी विनोद केला नव्हता.

खाण्याच्या प्रश्नापाशी आले तेव्हा ती व्हिडिओ कॉलवर होती. धान्य, फळं, बिया, मांस, मासे, यातलं काही आणताय का? बॅगेत सुके बोंबील होते, जवळा होता. तिला डोहाळे लागले ते नेमके आपल्या पाचूबंदरच्या सुकटीचे. आणि माझं बोट आपसूक 'नाही'कडे गेलं. तो पाहणीला आलेला माणूस आठवतो का तुला? छातीशी कागद लावलेली फळी धरलेला, तोंडाने गोड. मासेमारीची माहिती गोळा करतोय म्हणाला. आईने त्याला तळलेले बोंबील वाढले होते, आणि तू, जो सख्ख्या भावाला सांगत नव्हतास, तू ओल्या वाळूत काडीने रेघा ओढून त्याला दाखवलंस, कुठल्या दिवसांत मासळी कुठे असते. का दाखवलंस कोण जाणे. त्याने तुला 'काका' म्हटलं म्हणून असेल. पुढच्या मोसमात बाहेरचे मोठे ट्रॉलर बरोब्बर तिथेच येऊन उभे राहिले आणि तळ खरवडून घेऊन गेले. त्या माणसाचा आणि त्या ट्रॉलरचा काही संबंध होता की नाही, ते आजवर कुणाला कळलेलं नाही. तुला पुराव्याची गरज नव्हती. बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत अडकवता अडकवता तू आम्हाला सांगितलंस, "कोनाला काय सांगाचा नाय. कोनी इचारला त दर्याकडं बोट दाखवाचा नि गप रवाचा."

"आई, 'होय' कर," मुलगी म्हणाली. "इथे खरं लिहिलं तर फक्त बघतात. लपवलं तर वाट लावतात."

"आणि घेतले काढून तर?"

"घेऊ देत. तू तर येशील ना?"

हे तिने दोनदा विचारलं, म्हणून मी 'होय' केलं. जावई कामावर असतो, तिकडे तिचं दुसरं कुणी नाही. मग तिने पुढचा प्रश्न मोठ्याने वाचला. औषधं. वाचता वाचता स्वतःच म्हणाली, "हे नाही ना तुझं काही?" मी म्हटलं, "छे!" आणि 'नाही' केलं. कसं सहज निघालं तोंडातून! बाबा, औषधं आहेत. हृदयाची. पावसाळ्याआधी जिना चढताना छातीत आवळून आलं, तेव्हापासून चालू आहेत. डॉक्टर म्हणाले, खुशाल जा, फक्त गोळ्या चुकवू नका. पण हे तिला कळलं तर ती मला येऊ द्यायची नाही, म्हणून मी बोलले नाही. फॉर्म गेला, हिरवी खूण उमटली, आणि त्या खुणेकडे मी बराच वेळ संशयाने बघत राहिले.

तेव्हा तुझं हॉस्पिटल आठवलं. खाटेवर तू आहेस, बनियन घामाने भिजलंय, आणि डॉक्टर विचारतायत, "आधी कधी छातीत दुखलं होतं?" तू मान हलवून म्हणतोस, "नाय ओ, कवाच नाय." मी खाटेच्या पायाशी उभी आहे. त्याआधी धक्क्यावर उलट्या घातलेल्या होडीला टेकून डावा हात दाबत बसलेला तू मला दिसला होतास. मी विचारलं, तर म्हणालास, "जाळा ओढला, दुसरा काय." डॉक्टरांनी आईला विचारलं, तर तिलाही ठाऊक नव्हतं. तिचा तो चेहरा मी विसरलेले नाही. तू गेल्यावर लोक रडले, चर्चमध्ये मिस्सा झाली, आणि मी मात्र रागाने धुमसत होते. मला तुझा फार राग आला होता, बाबा. अजूनही येतो. ट्रॉलरवाल्यांना सांगायचं नव्हतं ते ठीक. आम्ही काय तुझी मासळी पळवणार होतो?

म्हणून मी पुन्हा लॅपटॉप उघडला. भरलेला फॉर्म बदलता येतो. औषधांपुढे 'होय' केलं, गोळ्यांची नावं चिठ्ठीवरून बघून नीट लिहिली आणि पाठवून दिला. तिथल्या अधिकाऱ्याला हे सांगायला मला काहीच वाटलं नाही, परक्याला सांगणं किती सोपं असतं! मग खाली ओळ आली, की बदललेल्या माहितीची प्रत ईमेलवर पाठवली आहे. आणि फॉर्मवर ईमेल मी माझा दिलेला नाही. मुलीचा दिलाय, कारण माझा कोण वाचत असेल याचा मला भरवसा नव्हता.

हे लिहीत असतानाच फोन वाजला. तिचाच. ती काय विचारणार ते मला माहीत आहे. गोळ्या कसल्या, हे नंतर. आधी ती म्हणेल, "मला का नाही सांगितलंस?" तुला हेच विचारायचं माझं राहून गेलं, त्यामुळे याचं उत्तर आपल्या घरात कुणाकडेच नाही. हे पत्र तुला पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी मी तो कुठल्या वेबसाइटवर भरला नसता. फोन एकदा वाजून थांबला होता, आता पुन्हा वाजतोय. तिकीट रद्द कर म्हणाली तरी चालेल असं मी स्वतःला सांगतेय, आणि ते खरं नाही. मी अजून उचललेला नाही.