नैवेद्याची वाटी

मंगळवार, संध्याकाळ, तुर्भे

दुपारी मोबाईलवर केकचा क्लास चालू होता. मॅडम म्हणाल्या, "अंडं आधी वाटीत फोडून बघा." घाईत हाताला आली ती नैवेद्याची वाटी. सासूबाई माळकरी, घरात अंडं येत नाही. त्या भजनाला गेल्या म्हणून तर मी धाडस केलं. वाटी तीनदा घासली. वास येतोय, की मलाच वाटतंय?

मॅडम क्लासचा व्हिडिओ ग्रुपवर टाकणार आहेत, आणि माझाही कॅमेरा चालू होता. ग्रुपमध्ये दिघ्याच्या जाऊबाई आहेत. त्या ती वाटी लगेच ओळखतील.

आत्ता सासूबाईंनी त्याच वाटीत देवाला दूधसाखर ठेवली. मग वाटी माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "घे गं, क्लासने दमली असशील."

प्रसाद तोंडात असतानाच ग्रुपवर व्हिडिओ आला.