कर वाचवायला मेकाँगपार

१२ मे, उदोन थानी
आज कॉफीच्या टपरीवर निकाल लावून टाकला. वर्षात एकशे ऐंशी दिवस थायलंडमध्ये राहिलं तरच बाहेरून आणलेल्या पेन्शनवर इथे कर. मग राहायचंच नाही. जूनअखेर मेकाँग नदीवरचा पूल ओलांडून लाओसला, नव्या वर्षी परत. डिर्क म्हणाला, केनेथ, एकदा कर कचेरीत विचारून तरी ये. डच माणूस, घाबरट. मी लीड्समध्ये उभी हयात बसची वेळापत्रकं आखली. मला नियम कोण सांगणार?

१४ मे
ओयला सांगितलं. नऊ वर्षं एका घरात राहतोय, ती समजून घेते. पपईचं सॅलड कुटता कुटता म्हणाली, सहा महिने? आणि छपराचं काम? म्हटलं, व्हिडिओवर देखरेख करीन. मग म्हणाली, लग्न केलं असतंस तर असा उठून गेला नसतास. म्हटलं, लग्नाने कागदपत्रं वाढतात. ती जोरात कुटायला लागली. पटलं असावं.

२६ जून
निघालो. परत यायचा परवाना आधी काढून ठेव, असं डिर्क बडबडत होता. इमिग्रेशनला रांग मोठी होती. माझा रिटायरमेंट व्हिसा मार्चपर्यंत आहे, पासपोर्टात ठळक छापलाय. परवाने नवख्यांनी काढावेत.
संकल्प: रोज चालणं. लाओ भाषा. बिअर बंद.

३० जून, व्हिएन्तियान
चाललो. बिअरच्या दुकानापर्यंत.

१७ जुलै
हॉटेलची खोली लहान. ओय फोनवर छप्पर दाखवते. गवंडी हसरा आहे. उगाचच हसरा. काम आठवड्याचं होतं ना?

२ ऑगस्ट
डिर्कचा फोन. कर कचेरीत जाऊन आला. पासष्टीपुढची सूट वगैरे धरून त्याला जो कर बसला, तेवढ्यात माझं हॉटेल मला आठवडाभरही ठेवणार नाही. आणि त्याचं पेन्शन माझ्याहून मोठं. म्हटलं, प्रश्न पैशाचा नाही, तत्त्वाचा आहे. फोन ठेवला. बॅग भरली.

३ ऑगस्ट
पुलावरची अधिकारी मुलगी नम्र होती. म्हणाली, काका, परवाना नाही, म्हणजे तुम्ही बाहेर पडलात त्याच दिवशी व्हिसा संपला. मी तिला नियम समजावून सांगितला. तिने शांतपणे ऐकलं आणि पर्यटकाचा शिक्का मारला. साठ दिवस. मागून कोणी म्हणालं, आजोबा, सरका पुढे.

४ ऑगस्ट
नवी योजना, बिनतोड. रिटायरमेंटचा व्हिसा नव्याने काढायचा तर बँकेत आठ लाख बाट पडून हवेत. हॉटेलने त्यांना भोक पाडलंय. थाई बायको असेल तर निम्मे चालतात. जेवताना ओयला रीतसर मागणी घातली: नियम, फायदे, लागणारी कागदपत्रं. तिने भात संपवला. म्हणाली, नऊ वर्षांत पहिल्यांदा विचारलंस, तेही इमिग्रेशनसाठी.
नाही म्हणाली नाही, हे महत्त्वाचं.

५ ऑगस्ट
ओयने उत्तर दिलं. म्हणाली, पर्यटकाला आम्ही जेवू घालतो, गोड बोलतो, आणि मुदत संपली की बस स्टँडवर सोडतो. तोवर नीट वाग, मग बघू.
माझा बिछाना तिने बाहेरच्या खोलीत घातलाय. छप्पर मात्र गळत नाही, गवंड्याचं काम चोख.
आज भांडी मी घासली.